नवरा बारीक, मी जाड; मग शुगर त्यांना कशी?

पत्र : डॉक्टर, मी ३९ वर्षांची. एका पतसंस्थेत कॅशियर आहे. मिस्टर ४३ वर्षांचे, चाकणला एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला आहेत, शिफ्ट फिरती असते. गेल्या महिन्यात त्यांच्या कंपनीचं मेडिकल झालं. उपाशीपोटी शुगर ११२ आणि तीन महिन्यांची सरासरी ६.२ आली. त्यांची उंची १६८ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. अंगावर मांस नाही, सगळे ‘काडी पैलवान’ म्हणतात. ते म्हणतात, लॅबवाल्यांनी नमुने बदलले असणार. मी घाबरून माझीही तपासणी केली. माझी उंची १५५, वजन ६९. माझी शुगर ९४ आणि सरासरी ५.६, म्हणजे नॉर्मल! हिमोग्लोबिन मात्र ९.८ आहे. सासूबाई म्हणतात, जाड ही आणि रोग माझ्या मुलाला, हिच्या हातच्या तेला-तुपानं झालं सगळं. माझ्या आईला डायबिटीस आहे, माझ्या सासऱ्यांनाही आहे. धाकट्या मुलाच्या वेळी सातव्या महिन्यात माझी शुगर वाढली होती, पण डाएटवर आटोक्यात आली आणि बाळंतपणानंतर विषय संपला. दोघांचंही काम बसून, व्यायाम कुणालाच नाही. त्यांची दिवसाला तीन-चार सिगारेट. रिपोर्ट चुकला असेल का? मी जाड असून मला काही नाही, तर मी निश्चिंत राहू का?

उत्तर :

ताई, आधी तुमच्या दोन्ही प्रश्नांची सरळ उत्तरं देते. रिपोर्ट चुकला असण्याची शक्यता कमी आहे, कारण वेगवेगळ्या पद्धतीनं केलेल्या दोन तपासण्या एकच गोष्ट सांगताहेत. उपाशीपोटी शुगर १०० ते १२५ आणि सरासरी ५.७ ते ६.४ असेल तर तो डायबिटीसच्या अलीकडचा टप्पा. मिस्टर त्या टप्प्यात आहेत. खात्रीसाठी तपासणी एकदा परत करा, जरूर करा, पण ‘नमुने बदलले’ म्हणून फाइल कपाटात टाकू नका. आणि तुम्ही निश्चिंत राहू नका. तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावर तुम्ही ‘विषय संपला’ असं लिहून पुढे गेलात, तिथेच माझी नजर अडकली. त्याबद्दल सविस्तर लिहिते.

पण आधी मिस्टरांचं. त्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन, २२ येतो. आपल्याकडे २३ पासून वजन जास्त धरतात आणि २५ पासून लठ्ठपणा. म्हणजे कागदावर ते अगदी योग्य वजनाचे. मग शुगर का? याचं उत्तर शोधण्यात पुण्याचा वाटा फार मोठा आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ब्रिटनमधले त्यांचे सहकारी जॉन युडकिन यांच्यासोबत स्वतःचाच एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. शेजारी शेजारी उभे असलेले दोन डॉक्टर, दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजन तेच आणि चरबी दुपटीहून जास्त. आपण भारतीय माणसं दिसायला सडपातळ असलो तरी आत स्नायू कमी आणि चरबी जास्त, असा आपला बांधा असतो. हा फरक जन्मापासून दिसतो. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची इंग्लंडमधल्या बाळांशी तुलना झाली, तेव्हा आपली बाळं सरासरी २.७ किलोची आणि तिकडची ३.५ किलोची होती. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं फारशी घटलेली नव्हती.

जेवणातून आलेली साखर रक्तातून उचलण्याचं मोठं काम स्नायू करतात. स्नायूच कमी असतील आणि जे आहेत ते दिवसभर खुर्चीत बसून असतील, तर ती साखर कुठे जाणार? तिची चरबी होते. चरबी साठवायची शरीराची सुरक्षित जागा म्हणजे त्वचेखाली, मांड्या, कंबर, नितंब. ही जागा घरातल्या माळ्यासारखी आहे, कुणाचा माळा मोठा, कुणाचा लहान. तो भरला की सामान स्वयंपाकघरात यायला लागतं. तशी चरबी मग यकृतात, स्वादुपिंडाभोवती, आतड्यांभोवती जमते आणि इन्सुलिनचं काम अडवते. पुरुषांचा हा माळा साधारणपणे बायकांपेक्षा लहान. त्यांची चरबी लवकर पोटात उतरते. म्हणून पुरुषांना डायबिटीस होतो तो बायकांच्या तुलनेत कमी वजनावर आणि बरेचदा कमी वयात. हे भारतातच नव्हे, युरोपातही दिसलेलं आहे. त्यामुळे तुमच्या घरात जे झालं ते विचित्र नाही. माझ्या ओपीडीत असे ‘काडी पैलवान’ रोज येतात, आणि ते येतात उशिरा, कारण बारीक माणसाला शुगर तपासून घे असं कुणी सांगतच नाही.

आता एक काम करा. घरात शिंप्याची टेप असेल. मिस्टरांना शर्ट काढून उभं करा. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये टेप आडवी धरा, बहुतेकांमध्ये ती बेंबीच्या आसपास येते. श्वास नेहमीसारखा सोडायला सांगा आणि तेव्हा आकडा वाचा. पोट आत ओढू देऊ नका, टेप घट्ट आवळू नका. पॅंटच्या मापावर तर अजिबात विसंबू नका. पुरुष पॅंट पोटाच्या खाली बांधतात, त्यामुळे कॉलेजात ३२ ची लागायची आणि आजही ३२ चीच लागते, असं अभिमानानं सांगणाऱ्याचं पोट टेपवर ९४ सेंटिमीटर भरतं. आपल्याकडे पुरुषांसाठी मर्यादा ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८०. त्यांचं झालं की तुमचंही घ्या.

तुम्ही पत्रात माप दिलेलं नाही, पण मापाशिवायही एक हिशेब मांडता येतो. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशननं भारतीयांसाठी धोका मोजायची एक सोपी पद्धत बसवली आहे. तिला रक्त लागत नाही, चारच गोष्टी लागतात. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, पन्नाशी ओलांडली की ३०. आई-वडिलांपैकी एकाला डायबिटीस असेल तर १०, दोघांना असेल तर २०. व्यायाम नाही आणि काम बसून, तर ३०. आणि कमरेच्या मापाचे शून्य, १० किंवा २०. एकूण ६० किंवा जास्त गुण झाले की धोका मोठा. आता तुमचे गुण बघा. मिस्टर : वयाचे २०, वडिलांचे १०, बसण्याचे ३०. साठ झाले. तुम्ही : वयाचे २०, आईचे १०, बसण्याचे ३०. साठ झाले! टेप हातात घेण्याआधीच दोघंही एका पायरीवर उभे आहात. या हिशेबात वजनकाट्याचा आकडा कुठे आला नाही, हे सासूबाईंना दाखवा. तेला-तुपाचाही आला नाही.

या हिशेबात मिस्टरांच्या बाबतीतल्या दोन गोष्टी मात्र धरलेल्या नाहीत. एक, सिगारेट. ओढणाऱ्यांना डायबिटीस होण्याची शक्यता न ओढणाऱ्यांपेक्षा ३० ते ४० टक्के जास्त असते. ‘तीन-चारच’ म्हणून सूट मिळत नाही. दुसरी, फिरती शिफ्ट. शरीराला रात्री साखर हाताळायची सवय नाही. रात्री दोन वाजता कॅंटीनमध्ये खाल्लेली भात-भाजी दुपारी खाल्लेल्या त्याच भात-भाजीपेक्षा रक्तातली साखर जास्त चढवते. त्यात सकाळी आल्यावर झोप तुटक. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांवर झालेल्या अभ्यासांत हा धोका पुरुषांमध्ये आणि फिरत्या पाळीत जास्त ठळक दिसला आहे. शिफ्ट बदलून मागणं त्यांच्या हातात नसेल, हे मला कळतं. पण नाइटला जाण्याआधी घरी पोटभर जेवून जाणं आणि मध्यरात्री फक्त थोडं काही, फुटाणे, उकडलेलं अंडं, ताक, एवढ्यावर भागवणं हे त्यांच्या हातात आहे.

आता तुमच्याकडे वळते.

धाकट्याच्या वेळी तुम्हाला जे झालं त्याला गरोदरपणातला डायबिटीस म्हणतात. बाळंतपणानंतर शुगर उतरते आणि सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण ज्या बाईला तो एकदा झाला, तिला पुढे कायमचा डायबिटीस होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा सात ते दहा पट असते. गरोदरपण शरीराची परीक्षा घेतं, इन्सुलिनची गरज खूप वाढवतं. त्या परीक्षेत शरीरानं सांगून टाकलेलं असतं की राखीव साठा फार नाही. अशा बाईची बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच ग्लुकोज पिऊन तपासणी व्हायला हवी आणि मग दर एक ते तीन वर्षांनी, आयुष्यभर. तुमची झालेली दिसत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकींची झालेली नसते. सहा आठवड्यांनी दवाखान्यात येते ती बाळाच्या लसीसाठी, आईची तपासणी कुणाच्या ध्यानात राहत नाही. मला याचा राग येतो, आणि तो तुमच्यावर नाही. तुम्हाला फाइलवर लाल शाईनं लिहून कुणीतरी द्यायला हवं होतं.

आणि तुमची ५.६ ही सरासरी. तिच्या एकटीवर मी विश्वास ठेवणार नाही, कारण तुमचं हिमोग्लोबिन ९.८ आहे. तीन महिन्यांची सरासरी ही तपासणी लाल पेशींना चिकटलेली साखर मोजते. लोह कमी असेल तर हा आकडा खोटा वर जाऊ शकतो. उलट पाळीत खूप रक्त जात असेल, किंवा लोहाच्या गोळ्या नुकत्या सुरू असतील, तर नव्या पेशी जास्त असतात आणि आकडा खोटा खाली येऊ शकतो. आपल्या देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, म्हणजे ही अडचण तुमच्या एकटीची नाही. तुम्ही ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी करून घ्या. दोन तासांनंतरचा आकडा १४० च्या आत हवा. १४० ते १९९ म्हणजे मिस्टरांचा टप्पा, २०० किंवा वर म्हणजे डायबिटीस. सोबत रक्त कमी का आहे हेही बघू द्या. पाळी जास्त जाते का, अनियमित आहे का, पीसीओएस (बीजकोशांशी आणि हार्मोन्सशी संबंधित पाळीचा त्रास) होतं का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. पीसीओएसचाही शुगरशी जवळचा संबंध आहे.

तुमचा माळा मोठा आहे, म्हणून आज तुमची शुगर सावरून आहे. पण ही सवलत कायमची नसते. पाळी जाण्याच्या सुमारास बायकांची चरबी मांड्यांवरून पोटाकडे सरकू लागते. शिवाय डायबिटीस नसलेल्या बाईला हृदयविकारापासून जे थोडं संरक्षण असतं, ते डायबिटीस झाला की बऱ्याच अंशी जातं. म्हणून चाळिशीच्या आधीचा हा काळ मला फार मोलाचा वाटतो.

काय करायचं ते दोघांसाठी सारखं नाही. मिस्टरांनी वजन कमी करायचं नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण शुगर म्हटली की घरचे लगेच ताटातलं काढायला लागतात आणि आधीच बारीक असलेला माणूस उरलेले स्नायूही घालवून बसतो. त्यांनी कमरेचं माप उतरवायचं आणि स्नायू वाढवायचे. जिम लागत नाही. बैठका, भिंतीला टेकून जोर, पाण्यानं भरलेल्या दोन बाटल्या हातात घेऊन उचलणं. आठवड्यातून दोन-तीन दिवस, वीस-पंचवीस मिनिटं. आणि जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं, नाइटला कंपनीच्या आवारातच का असेना. त्यांना चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचा अभ्यास सांगा, २००६ साली प्रसिद्ध झालेला. त्यातले लोक बरेचसे तुमच्या मिस्टरांसारखेच, मध्यमवयीन, बहुसंख्य पुरुष, अशाच अलीकडच्या टप्प्यातले. ज्यांना नेहमीच्या सल्ल्यापलीकडे काही दिलं नाही त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना तीन वर्षांत डायबिटीस झाला. ज्यांना चालणं आणि जेवणातला बदल दिला, त्यांच्यात तो धोका २८ टक्क्यांनी कमी झाला. आणि हे वजन फारसं न उतरता झालं. ‘माझं वजन कुठे आहे कमी करायला’ या त्यांच्या वाक्याला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

तुम्ही मात्र वजन उतरवा, पण ५५ किलोचं स्वप्न आत्ता बघू नका. ६९ मधले चार-पाच किलो पुरे. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात सात टक्के वजन कमी करण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्याचं लक्ष्य दिलं होतं, डायबिटीसचा धोका ५८ टक्क्यांनी उतरला. उतरवलेल्या एकेका किलोमागे धोका सुमारे १६ टक्क्यांनी कमी होत गेला. म्हणून पहिला किलो गेला की त्याला ‘एवढंच?’ म्हणू नका.

जेवण एकच करा, दोन स्वयंपाक नकोत. आपल्या ताटाचा दोष तेला-तुपापेक्षा पोळी, भात, बटाटा, पोहे, साबुदाणा यांच्या ढिगात आहे. निम्म्याहून कितीतरी जास्त ऊर्जा आपण पिठूळ पदार्थांतून घेतो आणि प्रथिनं मात्र वाटीच्या तळाशी. डब्यात तीन पोळ्या, बटाट्याची भाजी आणि वर भात जात असेल तर पोळ्या दोन करा, भात काढा, मटकी-चवळीची उसळ डबल द्या, चालत असेल तर अंडं द्या, दही द्या. ज्वारीची भाकरी चांगली, पण तीन भाकऱ्या खाल्ल्या तर तीही साखरच होते. आणि चहा. कंपनीतल्या मशीनचा चहा बहुतेकदा आधीच साखर मिसळलेल्या पावडरचा असतो, त्यामुळे ‘मी वरून साखर घेत नाही’ याला अर्थ उरत नाही. घरच्या चहातही दोन चमचे साखर आणि दिवसाला पाच कप म्हणजे ४० ते ५० ग्रॅम साखर, जेवणाव्यतिरिक्त. दोन कपांवर या आणि चमचा अर्धा करा.

आता जे लिहिणार आहे ते मिस्टरांना वाचायला द्या. ताई, तुमच्या पत्रात ‘व्यायाम कुणालाच नाही’ असं आहे, पण कारण दोघांचं एक नसावं. त्यांच्याकडे शिफ्ट सुटल्यावर थोडा तरी वेळ असतो. तुम्ही सकाळी डबे, दिवसभर काउंटर, संध्याकाळी स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास. घरातली ही धावपळ अंग थकवते, पण सलग दम लागेल अशी चाल त्यात होत नाही, म्हणून ती व्यायामात फारशी धरता येत नाही. बहुतेक घरांत असं होतं की शुगर नवऱ्याला निघते, मग बायको त्याच्यासाठी मेथीचं पाणी, कारल्याचा रस, वेगळी भाकरी करत बसते आणि तिचं स्वतःचं चालणं आणखी एका कामाखाली गाडलं जातं. दोघांचे गुण सारखे आहेत, हे वर मोजलंच. तेव्हा फर्स्ट शिफ्ट नसेल त्या आठवड्यात सकाळचे डबे मिस्टरांनी करावेत आणि तुम्ही ती चाळीस मिनिटं चालायला जावं. उसळ आदल्या रात्री भिजवली की कुकर लावणं अवघड नाही. सासूबाईंनाही मुलाच्या तब्येतीची खरी काळजी आहे, त्यांना त्या वेळी नातवंडांकडे बघायला सांगा. त्यांना दोष द्यायला तुम्ही सापडलात, कारण तुमचं वजन दिसतं आणि त्यांच्या मुलाची पोटातली चरबी दिसत नाही.

तपासण्यांचं वेळापत्रक. मिस्टरांची उपाशीपोटी शुगर आणि सरासरी महिन्याभरात परत. सोबत कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, यकृताच्या तपासण्या आणि रक्तदाब. गोळी लागेल का ते त्यांचे डॉक्टर ठरवतील, व्हॉट्सॲपवरच्या नुस्ख्यांवर सोडू नका. त्यानंतर निदान वर्षातून एकदा. तुमची ग्लुकोजची तपासणी आत्ता, आणि नॉर्मल आली तरी पुढे नियमित. तुमच्या पतसंस्थेत वार्षिक मेडिकल नसेल तर सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांची रक्तदाब-शुगर तपासणी मोफत होते. तिथे गेलात तर गरोदरपणातली शुगर स्वतःहून सांगा, कारण फॉर्मवर तो प्रश्न असेलच असं नाही. धाकट्या मुलाचं वजन आणि मैदानावरचं खेळणं यावरही लक्ष ठेवा. आईच्या पोटात असताना शुगर वाढलेली असेल तर मुलांनाही पुढे हा धोका थोडा जास्त असतो.

शेवटी एकच सूचना, मिस्टरांसाठी. खूप तहान लागणं, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, किंवा काही न करता वजन उतरू लागणं, यातलं काहीही दिसलं तर महिनाभर थांबू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. बारीक माणसाची शुगर भराभर वाढत असेल तर तो वेगळ्या प्रकारचा डायबिटीसही असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात.